टॅब बंद करू नका

सोमवारी कृष्णा काकांना न्यायला गाडी आलीच नाही. जाड कोट, कानटोपी आणि मांडीवर जेवणाचा डबा अशा तयारीत ते नेपरव्हिलमधल्या घराच्या दाराशी व्हीलचेअरमध्ये बसून होते. मधुमेहात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. मूत्रपिंडं त्याच्याही आधी निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे त्यांचे डायलिसिसचे वार. चढायला लिफ्ट असलेली गाडी त्यांना घरून सेंटरला न्यायची आणि परत आणून सोडायची.

या आठवड्याचं वेळापत्रक वादळानं बिघडवलं होतं. सोमवारी संध्याकाळपासून गोठणारा पाऊस आणि त्यावर बर्फ असा अंदाज होता. मंगळवार-बुधवार सेंटर बंद राहणार होतं, म्हणून मंगळवारच्या पेशंटना सोमवारीच बोलावलं होतं. सोमवार हुकला की थेट गुरुवार. म्हणजे शनिवारनंतर अंगात साठलेलं पाणी आणि पोटॅशियम गुरुवारपर्यंत अंगातच राहणार. एवढा खाडा पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं. पडला तर काय, असं काकांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नुसतं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं होतं.

काकांनी अस्मिताला फोन केला. ती शिकागोत ऑफिसमध्ये होती.

"अगं, तुमची गाडी आली नाही."

"काका, गाडी माझी कुठली? मी नुसत्या स्क्रीन बनवते."

"तेच ते. सेंटरची डोना म्हणते, तिच्या स्क्रीनवर मी आहे. गाडीवाले म्हणतात, त्यांच्या यादीत मी नाही. मग मी आहे कुठं?"

काका वीजकेंद्रात इंजिनियर होते. प्रश्न नेमका विचारायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. अस्मिता शिकायला आली तेव्हा तिला एअरपोर्टवरून आणायला हेच गेले होते, ओळख फक्त मराठी मंडळाच्या यादीतल्या नावापुरती असताना. पुढे काकू गेल्या, मुलगा प्रसाद क्युपर्टिनोला नोकरीला लागला, आणि नेपरव्हिलमध्येच घर घेतलेल्या अस्मिताकडे काकांच्या घराची दुसरी किल्ली आली.

"मी बघते," ती म्हणाली. "कोट काढून ठेवा. घाम येईल."

"घाम आला तर बरंच आहे. तेवढंच पाणी बाहेर."

अस्मिताची कंपनी डायलिसिस सेंटरसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटच्या वेळा आणि त्यांना आणणाऱ्या गाड्या, दोन्ही त्यात. अस्मिता फ्रंटएंडची लीड होती. सेंटरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जे दिसतं आणि चालतं, ते तिच्या टीमचं. त्यातल्या दोन स्क्रीन इथे महत्त्वाच्या. पहिली 'बदल': कुणाचा दिवस किंवा वेळ बदलली की सेंटरमधली डोनासारखी कोऑर्डिनेटर तिथे नोंद करायची. दुसरी 'गाड्या': तिथे ते बदल आपोआप उमटायचे, आणि 'पाठवा' म्हटलं की ड्रायव्हरांकडे जायचे. पाठवेपर्यंत सगळे बदल ब्राउझरच्या त्या टॅबमध्येच राहायचे. अर्धवट नोंदी आमच्याकडे नकोत, असं सर्व्हरच्या टीमनं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं.

काकांच्या फोननंतर आणखी तक्रारी येऊ लागल्या. आधी इलिनॉयमधून, मग आयोवातून. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. सेंटर म्हणे पाठवलं, गाडीवाले म्हणत आलं नाही.

अस्मिताचा मॅनेजर संजय पुण्याचा. संकटात त्याचा आवाज आणखी हळू व्हायचा.

"सर्व्हरवाले म्हणतायत, आम्हाला बदलांची यादी मिळाली," तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "पण रिकामी. एकही नाव नाही. कसलीच एरर नाही. रिकामी यादी व्यवस्थित पोचली आहे."

"'बदल' स्क्रीनवर नावं दिसतायत त्यांना?"

"दिसतायत. हिरव्या खुणेसकट."

"आणि 'गाड्या'वर?"

"तिथे रोजच्या फेऱ्या दिसतात. आज एवढी गर्दी आहे की कोण एकेक नाव बघणार? 'पाठवा' दाबलं, 'पाठवलं' आलं, संपलं."

शेजारच्या टेबलावर ईशान बसला होता. नागपूरचा मुलगा, शिक्षण संपवून दीड वर्षापूर्वी टीममध्ये आलेला. त्यानं दोन्ही स्क्रीन आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिल्या. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. एकीत नाव घातलं की राहत होतं. दुसरी तिला दिलेलं नाव दाखवत होती. पहिलीतलं नाव दुसरीत मात्र जात नव्हतं. शुक्रवारी सकाळपर्यंत जात होतं. शुक्रवारी दुपारी नवं बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, सगळ्या सेंटरना गेलं होतं.

पुढचा बराच वेळ चुकीच्या जागी शोधण्यात गेला. नेटवर्क पाहिलं, लॉगिन पाहिलं, वादळासाठी सेंटर बंद ठेवण्याची नवी सोय पाहिली. शुक्रवारच्या बिल्डमध्ये टीमनं स्वतः लिहिलेल्या ओळी थोड्याच होत्या, आणि त्यांत दोष नव्हता. मध्ये काकांचा पुन्हा फोन आला. अस्मितानं उचलला नाही. मग त्यांचा मेसेज आला: बूट घट्ट होऊ लागलाय. घाई नाही.

घाई नाही असं काका फक्त घाई असताना म्हणत.

शेवटी तिनं एक कमांड चालवली. असल्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचा कोड थोडा आणि बाहेरून आणलेली पॅकेजेस हजारोंनी असतात. एक पॅकेज दुसऱ्याला आणतं, दुसरं तिसऱ्याला. कुणी कुणाला आणलं याचं झाड ही कमांड काढून देते. अस्मितानं त्यात एकच नाव शोधलं: टॅबमधले बदल सांभाळणारं पॅकेज. ते एकदाच यायला हवं होतं.

ते दोनदा आलं.

एक नवी आवृत्ती, थेट टीमनं मागितलेली. एक जुनी, 'गाड्या' स्क्रीनवरच्या नकाशाच्या पॅकेजनं स्वतःसाठी आणलेली. 'गाड्या' स्क्रीन नकाशावाल्याची जुनी वापरत होती, 'बदल' स्क्रीन नवी. नाव तेच, काम तेच, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. डोना सकाळभर एका कपाटात नावं ठेवत होती. 'गाड्या' स्क्रीन शेजारचं रिकामं कपाट उघडून त्यातलं काहीच नाही ते ड्रायव्हरांना पाठवत होती.

"पण शुक्रवारपर्यंत एकच कॉपी होती," संजय म्हणाला. "लॉक फाइलमध्ये आपण पक्की करून ठेवली होती."

कुठल्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची, हे लॉक फाइलमध्ये नोंदलेलं असतं. ती फाइल कुणी हातानं लिहीत नाही, आणि सहसा कुणी वाचतही नाही. दोघांचं काम एकत्र करताना तिच्यात शेकडो ओळींचं भांडण, म्हणजे कॉन्फ्लिक्ट, लागतं. त्यावर या टीमचा एक ठरलेला उपाय होता. तो मराठीतच बोलला जायचा, आणि आता टीममधल्या तेलुगू आणि चिनी पोरांनाही पाठ झाला होता: उडव आणि परत कर. फाइल उडवून टाकायची, सगळं नव्यानं इन्स्टॉल करायचं, मशीन नवी फाइल बनवून देतं, पण आधी पक्क्या केलेल्या आवृत्त्या तिच्यात राहत नाहीत. एरवी काही बिघडायचं नाही.

ईशान खुर्चीत सरळ बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"शुक्रवारी मला कॉन्फ्लिक्ट आला होता. मी तुम्हाला विचारलं होतं, अस्मिताताई."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही मीटिंगमध्ये होत्या. तुम्ही लिहिलंत, उडव आणि परत कर."

अस्मिताला ते लिहिल्याचं आठवतही नव्हतं. दिवसातून दोनदा तरी ती ते लिहायची.

"पंचनामा नंतर," संजय म्हणाला. "ईशान, शुक्रवारच्या आधीची लॉक फाइल परत आण, बिल्ड कर. टेस्ट झाल्या की सोड. आणि सगळ्यांना सक्तीचा रिफ्रेश दे. नाहीतर सेंटरमधल्या बायका संध्याकाळपर्यंत तोच जुना टॅब वापरत बसतील."

त्याचं म्हणणं खरं होतं. ब्राउझरमधला कोड एकदा टॅबमध्ये उतरला की टॅब बंद होईपर्यंत तोच चालत राहतो. सेंटरमधले टॅब आठवडाभर उघडे असतात. त्यासाठीच कंपनीनं ती सोय केली होती: एक बटण दाबलं की दूरवरच्या सगळ्या टॅबना नवा कोड घ्यावाच लागतो.

अस्मितानं काकांना फोन लावला. "सापडलं. अर्ध्या तासात होईल."

"काय होतं?"

तिनं दोन कपाटांचं सांगितलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे पंप एका टाकीत पाणी सोडतोय आणि नळ दुसऱ्या टाकीला जोडलाय. मग माझं नाव अजून पहिल्या टाकीतच आहे ना? ते कधी काढणार?"

"नवा कोड गेला की..." असं म्हणता म्हणता ती थांबली. पलीकडे ईशान स्वतःशीच मोठ्यानं बोलत होता.

"एकदम मस्त. रिफ्रेशनंतर दोन्ही स्क्रीन जुळतात. फक्त मी आधी घातलेला पेशंट गायब झाला. पण तो टेस्टचा होता यार, चालतं."

अस्मिता फोन हातात धरूनच उभी राहिली.

"ईशान, रिफ्रेश दिलास?"

"देतोय ना. टप्प्याटप्प्यानं. आधी शिकागोची पश्चिम उपनगरं, मग..."

"थांबव!"

"पहिला टप्पा गेला."

"बाकीचे थांबव. आत्ता."

त्यानं थांबवलं. संजय धावत आला.

"अगं, काय करतेस? अंधार पडायच्या आत गाड्या निघायला हव्यात! एकेक मिनिट—"

"संजय, सकाळपासूनची सगळी नावं त्या टॅबमध्येच आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. आपण रिफ्रेश केलं की ती गेली. आणि त्यांना 'पाठवलं' असं दिसलंय. रिकामी 'बदल' स्क्रीन बघून त्यांना वाटेल, काम झालं. परत कुणीही भरणार नाही."

संजयनं डोळे मिटले आणि उघडले. "फोन," तो म्हणाला. "सगळ्यांनी फोन उचला. प्रत्येक सेंटर. टॅब बंद करू नका. 'बदल' स्क्रीन आधी प्रिंट करा, मग रिफ्रेश, मग प्रिंट बघून पुन्हा भरा. याच क्रमानं. कुणी स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

पूर्ण मजला फोनवर तेच वाक्य वेगवेगळ्या उच्चारांत म्हणू लागला. अकाउंट्सची माणसंसुद्धा. आयोवात एक कोऑर्डिनेटर टॅब बंद करून जेवायला जायच्या बेतात होती, तिला शेवटच्या क्षणी गाठलं.

अस्मितानं पहिल्या टप्प्यातलं एकच सेंटर घेतलं. नेपरव्हिल.

डोना तिथे वीस वर्षं होती. ती सगळ्यांना हनी म्हणायची, डॉक्टरांनासुद्धा. काकांना ती क्रिश म्हणायची.

"माझी स्क्रीन आत्ता आपोआप लुकलुकली, हनी," ती म्हणाली. "आता 'बदल' अगदी कोरी आहे. म्हणजे सगळे गेले ना?"

"नाही, डोना. एकही गेला नाही. सकाळपासून एकही नाही."

पलीकडे मशीनची पिपाणी वाजत होती. कुणीतरी ती बंद केली.

"मी सकाळपासून टाइप करतेय," डोना म्हणाली. "एकेकाला फोन केला. कुणाची लेक आणणार, कुणाला साधी गाडी चालते, कुणाला लिफ्ट लागते. सगळं."

"कागदावर असेल ना?"

"होता. नोंद झाली की कागद श्रेडरमध्ये. पेशंटची माहिती टेबलावर राहता कामा नये. तो तुमच्याच कंपनीच्या ट्रेनिंगमधला नियम आहे."

अस्मिता खिडकीबाहेर पाहत होती. समोरच्या इमारतीच्या काचेवर पावसाचे बारीक थेंब चिकटत होते. ते ओघळत नव्हते. जागच्या जागी गोठत होते.

"डोना, मी काही भरून देऊ शकते का?"

"पेशंटची माहिती तुला दाखवली तर माझी नोकरी जाईल. मी पुन्हा फोन करते सगळ्यांना. पण ऐक, साध्या गाड्या मिळतील. लिफ्टवाली आता एकच उरली आहे. बाकीचे ड्रायव्हर घरी गेले."

"कृष्णा काकांना आधी घ्या. प्लीज. ते सकाळपासून दारात बसलेत. त्यांचा पाय सुजलाय."

"तुझे कोण लागतात ते?"

"काका."

"सख्खे?"

"नाही. पण..."

"हनी, लिफ्टसाठी आणखी चौघं बसलेत, आणि ते सगळे सेंटरजवळ राहतात. क्रिश पार दक्षिणेच्या टोकाला. त्याला आधी आणायचं तर रस्ते गोठायच्या आत दोघंच येतील. जवळच्यांपासून सुरू केलं तर चार नक्की येतील, आणि नशीब असेल तर पाच." ती ओरडली नाही. "तुमच्या चुकीनं सगळेच बसलेत. एकटा क्रिश नाही."

फोन ठेवल्यावर अस्मितानं काकांना लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटचा नंबर असल्याचंही सांगितलं.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "मी शिफ्टवर असतो तर हेच केलं असतं." मग म्हणाले, "अस्मिता, प्रसादला आत्ताच कळवू नको. तो दोन हजार मैलांवरून नुसता घाबरेल."

"तुम्हाला धाप लागतेय का?"

"थोडी. बोलल्यामुळे असेल."

ते बोलल्यामुळे नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. अस्मितानं विचारलं, "ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"ते इमर्जन्सीत नेऊन टाकतील. आज तिथं घसरून पडलेल्यांची रांग असेल. आणि हे सेंटर हातचं जाईल. गाडीची वाट बघू. अगदीच बसवेना, तर मी स्वतः फोन लावीन. शब्द देतो."

संजय म्हणाला, "तू नीघ. इथलं मी बघतो." इतर सेंटरच्या प्रिंट निघाल्या होत्या आणि त्यांच्या याद्या ड्रायव्हरांपर्यंत पोचू लागल्या होत्या. या वेळी नावांसकट. ईशान प्रत्येक यादीतली नावं सर्व्हरवर मोजत होता, आणि आकडा जुळला की मोठ्यानं सेंटरचं नाव घेत होता. अस्मिता कोट चढवून निघाली, तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

नेपरव्हिलची ट्रेन खच्चून भरली होती. लोक लवकर घरी निघाले होते. गाडी दोनदा मध्येच थांबली, रूळ बदलायच्या जागी बर्फ धरला होता म्हणून. अस्मिता दाराजवळ उभी राहून दर स्टेशनाला काकांना मेसेज करत होती. ला ग्रेंजपर्यंत उत्तरं आली. पुढे आली नाहीत. तिनं फोन केला. वाजत राहिला. हिन्सडेलला पुन्हा केला. डाउनर्स ग्रोव्हला पुन्हा. तिनं डोनाचा नंबर लावला, तो एंगेज होता. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ती मुठीत घट्ट धरून तिनं ठरवलं की स्टेशनवरून आधी काकांच्या घरी जायचं, आणि दार उघडल्यावर काय दिसेल याचा विचार मुद्दाम करायचा नाही.

लाइलच्या पुढे डोनाचा फोन आला.

"क्रिश पोचला," ती म्हणाली. "शेवटचा. त्याचा फोन घरीच पडलाय, ड्रायव्हर घाई करत होता म्हणून. पण ऐकून ठेव, नर्सेसना आता घरी सोडावं लागणार. त्याला पूर्ण वेळ मिळणार नाही. निम्मा मिळेल."

"निम्म्यानं भागेल?"

"डॉक्टर म्हणाले, काहीच नसण्यापेक्षा निम्मं घ्या. मी इथली डोना आहे हनी, डॉक्टर नाही."

स्टेशनवरून सेंटर जवळ होतं, तरी टॅक्सीला खूप वेळ लागला. आत बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यात काका डोळे मिटून पडले होते, हात पुढे केलेला, नळ्यांतून रक्त जात-येत होतं. चेहरा सुजला होता. अस्मितानं स्टूल ओढलं.

"दुरुस्त झालं का तुझं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं."

"दोन टाक्यांची एक केलीत?"

"हो."

"मग बरं झालं. माझं मात्र अर्धंच होणार म्हणे."

नर्सनं ठरल्याप्रमाणे मशीन थांबवलं. काकांना वजनकाट्यावर चढवलं. असायला हवं त्यापेक्षा वजन बरंच जास्त होतं. ते सगळं पाणी होतं, आणि गुरुवारपर्यंत त्यांच्या अंगातच राहणार होतं. नर्सनं अस्मितालाच सगळं समजावलं. दिवसभरात पाणी, चहा, सूप मिळून एवढंच. तिनं बोटांनी छोटा कप दाखवला. केळं नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. रात्री आडवं पडून श्वास घेता आला नाही, तर लगेच ॲम्ब्युलन्स. रस्ते कसेही असोत.

त्याच ड्रायव्हरनं दोघांना घरी सोडलं. त्यानं उतारावर वाळू टाकली, लिफ्ट खाली घेतली, आणि आज आपल्या डेपोतच झोपणार असं सांगून तो निघून गेला.

अस्मितानं घरी कळवलं की ती गुरुवारपर्यंत काकांकडे राहणार आहे. प्रसादला फोन केला. काकांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, पण अडवलं नाही. मग तिनं काकांच्या पाठीशी उशा रचल्या आणि चहा केला. छोटा कप, तोही अर्धा. काकांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ प्यायला नाही.

तेवढ्यात ईशानचा फोन आला. तो अजून ऑफिसमध्येच होता.

"काका?"

"आहेत. अर्धं झालं."

तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. आजचा फिक्स मुख्य कोडमध्ये घेतोय, तर लॉक फाइलमध्ये पुन्हा कॉन्फ्लिक्ट आलाय. चारशे ओळी आहेत. काय करू?"

अस्मिताच्या ओठांवर ते वाक्य आलंच होतं. समोर काकांनी चहाचा पहिला घोट घेतला होता आणि तो गिळण्याआधी तोंडातच घोळवत होते, जास्त वेळ पुरावा म्हणून.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "मी आल्यावर दोघं बसून वाचू. एकेक ओळ."

"कधी?"

"गुरुवारी," ती म्हणाली, आणि काकांच्या छातीचं वरखाली होणं पाहत राहिली.